मुलगी ग्रंथपाल संघात जाते म्हणते, तर जाऊ द्या

सप्रेम नमस्कार.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी ग्रंथालयशास्त्रात एम.लिब. झाली, एका कॉलेजात कंत्राटी ग्रंथपाल आहे आणि आता ग्रंथपालांच्या संघानं तिला आजीव सभासद होऊन कार्यकारिणीत यायला सांगितलंय. ‘पगार तुटपुंजा, नेट या पात्रता परीक्षेचा अभ्यास डोक्यावर, त्यात रविवार बैठकांत घालवून हिला काय मिळणार?’ असं तुम्ही विचारता. काळजी रास्त आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे, तिला जाऊ द्या.

गणिताच्या प्राध्यापकाला काही अडलं तर शेजारच्या खुर्चीवरच्याला विचारता येतं. ग्रंथपाल बहुतेक कॉलेजांत एकटाच असतो. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी सीमाभागातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काही वर्षं काढली. पुस्तकांची जुनी मराठी यादी कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायला गेले, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. यादी जुन्या फॉन्टात टाइप केलेली, कोहाला हवं युनिकोड. संस्थेत हे विचारणार कोणाला? संघाच्या बैठकीत चहाच्या वेळी निपाणीकडच्या एका ग्रंथपालबाईंना सांगितलं. त्यांनी पिशवीतून स्वतःची वही काढून पुढ्यात ठेवली. आधी फॉन्ट बदलून घ्यायचा, मग पन्नास नोंदी चाचणीला टाकायच्या, लेखकांची आडनावं एकाच पद्धतीनं लिहायची, मगच सगळी यादी. दोन महिन्यांचं काम पंधरा दिवसांत उरकलं. पुढे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती आली, तेव्हा ग्रंथालयाबद्दलच्या एकाही प्रश्नाला मी अडखळले नाही.

नुसती वर्गणी भरून मात्र यातलं काही मिळत नाही. लक्षात राहतो तो काम करणारा. इतिवृत्त लिहिणं, हिशेब ठेवणं, चर्चासत्राच्या वक्त्यांशी पत्रव्यवहार करणं, हे कॉलेजात नव्या माणसाच्या वाट्याला येतच नाही. संघात पहिल्याच वर्षी येतं. उद्या कुठे जागा निघाली की तिच्याबद्दल दोन शब्द खात्रीनं सांगणारी ज्येष्ठ मंडळी इथेच भेटतात. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1928 मध्ये मद्रास ग्रंथालय संघाच्या उभारणीत उतरले. पुढे 1944 ते 1953 ते भारतीय ग्रंथालय संघाचे अध्यक्ष होते. एवढा मोठा माणूससुद्धा संघाच्या कामापासून दूर राहिला नाही.

आपल्या मुलीला आणखी एक लाभ आहे, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. कर्नाटकात 1965 चा ग्रंथालय कायदा आहे. सार्वजनिक ग्रंथालयं सरकारी खातं चालवतं, त्यासाठी मालमत्ता करावर उपकर असतो. महाराष्ट्रात 1967 चा कायदा. तिथं गावोगावच्या संस्था वाचनालयं चालवतात आणि सरकार वर्गवारीप्रमाणे अनुदान देतं. धारवाडकडच्या बैठकांत कन्नड कानावर पडेल, कोल्हापूरकडची मंडळी मराठीत बोलतील. दोन्हीकडची पद्धत जाणणारी, कन्नडमध्ये न बिचकता बोलणारी मराठी ग्रंथपाल मुलाखतीत उठून दिसते. तिची कन्नड कच्ची असेल, तर आजपासून सुधारायला सांगा. आपली कितीतरी हुशार मुलं केवळ तेवढ्यासाठी मागे राहिलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

तुमची भीती अगदीच बिनबुडाची नाही. कॉलेजात कायम जागेसाठी 55 टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी आणि सहसा नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) लागते. संघाचं सभासदत्व त्याची भरपाई करत नाही. म्हणून तिनं एकच काम घ्यावं. खजिनदारपद आत्ता नको, हिशेबात जीव अडकतो. परीक्षेच्या आधीचे तीन महिने बैठकीला येणार नाही, हे आधीच सांगून ठेवावं. दिसेल त्या चर्चासत्राचं प्रमाणपत्र गोळा करण्यात पैसे घालू नयेत. आणि आजीव वर्गणी भरण्याआधी मागच्या वर्षीचा तपासलेला जमाखर्च मागून बघावा. तो दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथून परत यावं.

पहिल्या वर्षी तिनं इतिवृत्ताचं काम मागून घ्यावं, असा माझा आग्रह आहे. मराठीत कच्चं लिहून मग कन्नडमध्ये उतरवू दे. बैठक बेळगावात संध्याकाळपर्यंत लांबली, तर खानापूरच्या स्टँडवर तिला घ्यायला तुम्ही जा.