गीझरचा पार्ट फुकट बदलून दिला, मग भाजल्याची भरपाई बुडाली का?

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. 2023 मध्ये दुकानातून 15 लिटरचा गीझर घेतला. यंदा भोगीच्या सकाळी सासऱ्यांनी नळ सोडला तर वाफेसकट उकळतं पाणी आलं, उजवा हात आणि छाती भाजली, हॉस्पिटलचं बिल 46,000 रुपये. महिन्याभरानं कंपनीचा मेसेज आला की तुमच्या मॉडेलसाठी मोफत सेफ्टी अपग्रेड आहे. टेक्निशियन आला, थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की करंट तोडणारा पार्ट) आणि कटआउट (थर्मोस्टॅट बिघडला तर वाचवणारा) दोन्ही बदलले, जुने पिशवीत घालून घेऊन गेला आणि टॅबवर बोटानं सही घेतली. आता बिल मागितलं तर कंपनी म्हणते वॉरंटी संपलीये, आणि पुढे काही क्लेम नाही असं तुम्हीच सही करून दिलंय.

ताई, आधी सासऱ्यांची तब्येत सांभाळा, ड्रेसिंगची प्रत्येक पावती जपून ठेवा. आणि सहीनं सगळं संपलं असं अजिबात समजू नका. पार्ट बदलणं हा एक हिशोब, भाजल्याची भरपाई हा वेगळा हिशोब, पहिला मिटला म्हणून दुसरा मिटत नाही. नुसत्या डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे हिशोब मिटला, पुढे काही क्लेम नाही अशा कागदावर, सही केली म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही, ती फसवून, दबावाखाली किंवा चुकीचं सांगून घेतली असेल तर ग्राहक आयोग दाद देऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टानं 1999 मध्ये एका इन्शुरन्सच्या केसमध्ये सांगितलंय. तुम्हाला तर फॉर्म वाचायलाही दिला नाही, काम झाल्याची सही म्हणून घेतली. हे असंच्या असं तक्रारीत लिहा.

वॉरंटीचं कारणही इथे चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये प्रॉडक्ट लायबिलिटीचं, म्हणजे सदोष वस्तूनं इजा झाली तर कोण जबाबदार याचं, वेगळं प्रकरण आहे, कलम 82 ते 87. वस्तू बनवण्यात दोष असेल, डिझाइनमध्ये असेल किंवा धोक्याची नीट सूचना दिली नसेल तर कलम 84 खाली कंपनी जबाबदार, आणि त्यासाठी वॉरंटी चालू असावी लागते असं कुठेही नाही. गीझर तुमच्या नावावर असला तरी सासरे तुमच्या संमतीनं वापरत होते, त्यामुळे कायद्यानं तेही ग्राहकच, तक्रारीत त्यांचंही नाव घाला. फक्त प्रॉडक्ट लायबिलिटीच्या भरपाईत खुद्द गीझरची किंमत धरत नाहीत, ती सदोष वस्तू म्हणून त्याच तक्रारीत वेगळी मागा.

आता तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता एक गोष्ट लिहिलीये, की टेक्निशियननं जुना थर्मोस्टॅट काढला तेव्हा मुलानं सहज मोबाइलवर फोटो काढला, आणि त्यात आतले दोन कॉन्टॅक्ट काळे पडून एकमेकांना चिकटलेले दिसतात. ताई, अख्ख्या केसमध्ये याच्याएवढं मोलाचं तुमच्याकडे दुसरं काही नाही! कॉन्टॅक्ट चिकटले की करंट तुटत नाही, पाणी तापतच राहतं. आणि असं झालं तर वाचवायलाच कटआउट असतो, त्यानंही करंट तोडला नाही म्हणजे दोन्ही राखणदार एकाच वेळी झोपले, आणि कंपनीनं नेमके तेच दोन पार्ट बदलले. वर मेसेजमध्ये "तुमच्या मॉडेलसाठी" असं लिहिलंय, म्हणजे हे एकट्या तुमच्या घरातलं नाही हे त्यांना माहिती होतं. मूळ फोटो फोनमधून डिलीट करू नका, व्हॉट्सअॅपवर पाठवलेली कॉपी पुरत नाही, तारीख मूळ फाइलमध्ये असते. मेसेजचा स्क्रीनशॉटही काढून ठेवा.

मग स्पीड पोस्टानं कंपनीला आणि दुकानदाराला नोटीस द्या, 15 दिवसांत बिल आणि नुकसानभरपाई द्या, आणि काढलेले पार्ट जपून ठेवा, नष्ट करू नका. हे शेवटचं वाक्य विसरू नका, कारण आयोग कलम 38 खाली लॅबमध्ये तपासणी करवून घेऊ शकतो, आणि नोटीस मिळूनही कंपनीनं पार्ट गायब केले तर संशय त्यांच्यावरच येतो. कंपनी म्हणेल फिटिंग चुकीचं होतं, व्हॉल्व्ह बंद केला होता, म्हणून गीझर कोणी बसवला त्याची पावती आणि भिंतीवरचे आत्ताचे फोटो आधीच काढून ठेवा.

तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगातच होते, तुम्ही तिथे राहता म्हणून. वस्तूची किंमत 5 लाखांच्या आत असेल तर फी नाही, आणि वकील लागतोच असंही नाही. मुदत 2 वर्षं, मोजायची ती भोगीच्या दिवसापासून.

अजून एक, आणि हे मला खरंच मनापासून वाटतं. "अपग्रेड" म्हणून गुपचूप पार्ट बदलत फिरणं चुकीचं आहे, ज्यांचा नंबर बदललाय किंवा ज्यांनी मेसेज उघडलाच नाही त्यांच्या बाथरूममध्ये तोच थर्मोस्टॅट अजून बसलेला असेल. कलम 20 खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण धोकादायक माल परत मागवून पैसे परत द्यायला लावू शकतं. 2022 मध्ये अॅमेझॉनवर विकल्या गेलेल्या 2,265 प्रेशर कुकरच्या बाबतीत त्यांनी तसा आदेश दिला होता. या प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम 17 खाली लेखी तक्रार करता येते. गीझरवरचा आयएसआयचा लायसन्स नंबर बीआयएस केअर या भारतीय मानक ब्यूरोच्या अॅपवर टाकून बघा, तिथेही तक्रार करता येते. सुरुवात कशी करायची हे विचारायला 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

सासरे म्हणतात ना, या वयात कोर्टाच्या पायऱ्या कशाला चढायच्या? त्यांना सांगा, कायद्यात व्हिडिओ कॉलवर सुनावणीची सोय आहे, अर्ज मात्र आपल्यालाच करावा लागतो.