वाचकांचे प्रश्न: चमक घटली म्हणजे रेणू चिकटलाच का?

प्रश्न: द्राक्षाच्या सालीतलं रेझवेराट्रॉल रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला किती घट्ट चिकटतं, हा माझा पीएच.डी.चा विषय. २ मायक्रोमोलर मानवी अल्ब्युमिनमध्ये रेझवेराट्रॉल २० मायक्रोमोलरपर्यंत वाढवत नेलं. २९५ नॅनोमीटरचा प्रकाश दिल्यावर ३४० ला दिसणारी प्रथिनाची चमक निम्म्याखाली आली. क्वेंचिंगचा (चमक विझण्याचा) वेग-स्थिरांक १० च्या १३ व्या घाताजवळ येतो. एवढ्यावर बंध सिद्ध होतो का?
– संशोधक विद्यार्थिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: नाही. परीक्षक पहिलं बोट इथेच ठेवतील. पाण्यात दोन रेणू जास्तीत जास्त १० च्या १० व्या घाताच्या आसपासच्या वेगाने एकमेकांवर आदळतात. तुमचा आकडा त्याच्या हजारपट आहे. म्हणजे घट टक्करींमुळे झालेली नाही, इतकंच त्यातून कळतं. बंध झाला असेल, किंवा रेझवेराट्रॉलने प्रकाशच गिळला असेल.

दुसरी शक्यता तुमच्याकडे फार मोठी आहे. रेझवेराट्रॉलचं शोषण ३०५ च्या आसपास सर्वाधिक, त्यामुळे २९५ चा प्रकाश प्रथिनापर्यंत पोहोचण्याआधीच अडतो आणि ३४० चा परतताना थोडा अडतो. यालाच इनर फिल्टर इफेक्ट म्हणतात. समजा, २० मायक्रोमोलरला प्रकाश शोषण्याचं माप, म्हणजे अ‍ॅब्सॉर्बन्स २९५ वर ०.५० आणि ३४० वर ०.२० आहे. दोन्हींची बेरीज ०.७०, निम्मी ०.३५, १० चा ०.३५ वा घात २.२४; चमक तितक्या पटीने घटते. म्हणजे एकही रेणू चिकटला नाही तरी चमक ४५ टक्क्यांवर येईल. तुमची घट नेमकी तेवढीच दिसतेय!

म्हणून प्रत्येक टप्प्यावर दोन्ही तरंगलांबींचा अ‍ॅब्सॉर्बन्स मोजा आणि मोजलेल्या तीव्रतेला १० च्या त्या घाताने (वरच्या उदाहरणात २.२४ ने) गुणा. पण हे सूत्र अंदाजी आहे, बेरीज ०.३ च्या वर गेली की त्यावर फार विसंबू नका. त्यापेक्षा अल्ब्युमिन १ आणि रेझवेराट्रॉल ५ मायक्रोमोलरपर्यंतच ठेवा, किंवा अरुंद क्युवेट (नमुन्याची पारदर्शक कुपी) वापरा. क्युवेट बदललीत, म्हणजे प्रकाशाच्या वाटेची लांबी बदललीत, तर अ‍ॅब्सॉर्बन्सही त्याच लांबीचा धरा, हे हमखास विसरलं जातं.

ब्लँक (तुलनेसाठीचा प्रथिनाशिवायचा नमुना) म्हणजे नुसता बफर नव्हे. दर टप्प्याला तितकंच रेझवेराट्रॉल घातलेला बफर हवा, कारण ते स्वतःही चमकतं. शिवाय पाण्याचं रामन शिखर (पाण्याने विखुरलेला प्रकाश) ३२८ च्या आसपास, प्रथिनाच्या चमकेतच मिसळतं. ब्लँकलाही तीच दुरुस्ती लावा, मगच वजा करा. दुरुस्ती बरोबर आहे का, ते एन-असिटाइल ट्रिप्टोफॅनअमाइडवर (अल्ब्युमिनसारखाच चमकणारा, पण रेझवेराट्रॉलला न बांधणारा छोटा रेणू) तपासा: अल्ब्युमिनऐवजी ते घेऊन तेच टप्पे करा. दुरुस्तीनंतर चमकेची रेषा सपाट राहिली पाहिजे.

ट्रान्स रेझवेराट्रॉल अतिनील प्रकाशात सिस होतं, म्हणजे रेणूचा आकारच बदलतो. बाटली तपकिरी घ्या, वर फॉइल गुंडाळा, दोन वाचनांच्या मध्ये शटर बंद ठेवा. डीएमएसओ (रेझवेराट्रॉल विरघळवणारा द्रावक) १ टक्क्याच्या आत आणि सगळीकडे सारखा.

‘लाइफटाइम (चमक किती वेळ टिकते ते) मोजा’ असा सल्ला मिळेल. त्याने प्रश्न सुटत नाही. रेणू आधीच चिकटून चमक विझली (स्टॅटिक क्वेंचिंग) तर लाइफटाइम बदलत नाही, प्रकाश गिळला गेला तरीही नाही. वेगळ्या पद्धतीचा पुरावा लागेल: अंधारात केलेलं इक्विलिब्रियम डायलिसिस (पडद्याच्या दोन बाजूंना रेणू किती उरतो ते मोजणं) किंवा आयटीसी (बंध होताना सुटणारी किंवा शोषली जाणारी उष्णता मोजणं). डायलिसिसमध्ये रेझवेराट्रॉल पडद्यालाच किती चिकटतं, ते प्रथिनाशिवाय आधी पाहून ठेवा.

प्रश्न: विकतच्या अल्ब्युमिनऐवजी आम्हा विद्यार्थ्यांचंच रक्त काढून सीरम वापरलं तर? एथिक्सची परवानगी नंतर घेऊ.
– सिडको, नाशिक

उत्तर: नंतर मिळत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नमुना घेण्याआधी एथिक्स समितीची मंजुरी आणि लेखी संमती लागते. विद्यार्थी गाईडच्या हाताखाली असल्याने त्यांच्या संमतीकडे समिती जास्तच बारकाईने पाहते. शिवाय सीरममध्ये इतर प्रथिनं, बिलिरुबिन, फॅटी अ‍ॅसिड असतात. बंधाचा आकडा नेमका कशाचा, ते कळणार नाही. फॅटी अ‍ॅसिड काढलेलं शुद्ध अल्ब्युमिनच मागवा.