शून्यसुद्धा लिही

प्रिय पोरी,

अंटार्क्टिकाच्या जहाजावरून आलेली तुझी मेल दोनदा वाचली. तासन्‌तास ब्रिजवर, जहाज हाकतात त्या वरच्या खोलीत, पक्षी मोजायला दुर्बीण लावून बसायचं आणि रात्री जेवताना कुणी ‘आज काय दिसलं?’ विचारलं की गप्प बसायचं, याला तू कंटाळली आहेस. पक्षीगणना सोडून पाण्याचे नमुने घेणाऱ्यांत जावं का, निदान रिकाम्या तासांचे तक्ते भरणं थांबवावं का, असं विचारतेस. गटाचं तुझं तू ठरव. तक्त्यांचं मात्र ऐक. काही दिसलं नाही, तर शून्य लिही. वेळ, वारा, दृश्यमानता, दहापैकी किती भाग बर्फ, आणि शून्य.

दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर ग्रिटविकेनला १९०४ मध्ये देवमाशांच्या शिकारीचं ठाणं उभं राहिलं. त्या बेटाभोवती ४२ हजारांहून जास्त निळे देवमासे मारले गेले. शिकार थांबली, तरी ते परतले नाहीत. १९९८ ते २०१८ या काळात खास देवमासे शोधायला निघालेल्या जहाजांना एकच निळा देवमासा दिसला. आणि २०२० च्या पाहणीत ५८ नोंदी! या ५८ ला वजन आलं ते आधीच्या रिकाम्या वर्षांमुळे. गार वाऱ्यात उभं राहून कुणीतरी ‘नाही’ लिहिलं होतं. ते लिहिलं नसतं, तर देवमासे परत आले की तिथेच होते, हे कोण सांगणार होतं?

तेव्हा शून्य लिही, पण नीट लिही. धुक्यात दोनशे मीटरपलीकडचं दिसत नसतानाचं शून्य वेगळं आणि लख्ख उजेडातलं वेगळं. स्नो पेट्रेल तरंगत्या बर्फावर बसला की आधी दिसतच नाही. काळी चोच हलते, मग काळा डोळा सापडतो, मग कुठे त्याभोवती पांढरा पक्षी तयार होतो. जहाजामागे घिरट्या घालणारा केप पेट्रेल पुन्हापुन्हा मोजू नकोस. आकडा फुगवायचा मोह होतो, मला ठाऊक आहे.

आमच्या मोहिमेच्या अहवालातून माझे रिकामे तास गाळले गेले. पानं वाढतात, म्हणे. पेंग्विन आणि सील तेवढे छापले. वाचणाऱ्याला वाटावं, तिथे तासातासाला सील दिसतात! मी भांडलो. पुढच्या मोहिमेच्या यादीत माझं नाव नव्हतं. हेकट म्हणणारे आजही म्हणतात, म्हणोत. भांडलो ते बरोबरच होतं. मूळ वह्या कुठे गेल्या, हे विचारावं असं आता तिथे कुणी उरलेलं नाही, याचं दुःख मात्र जात नाही.

२०२३ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ उपग्रहांच्या नोंदींत कधी नव्हता इतका कमी भरला. बर्फ किती, ते उपग्रह सांगतो. बर्फ नसलेल्या त्या पाण्यावर पक्षी किती उरले, हे ब्रिजवर बसलेल्या तुझ्यासारखीनेच सांगायचं आहे. आणि तू तक्ते कोरे सोडायचं म्हणतेस?

बोटं बधिर झाली तर आत जा, चहा घे, अंगावर काढू नकोस. तेवढ्या वेळापुढे ‘निरीक्षण नाही’ असं लिही, शून्य नको. या आठवड्याचे तक्ते मला पाठव. रिकामे आधी.