संप मिटला, मुलं मोठी झाली

मनोरंजन क्षेत्रातले करार तपासणं हे माझं वकिलीतलं रोजचं काम. अमेरिकेतले 2023चे संप मिटून बराच काळ लोटला, तरी किशोरवयीन मुलांच्या मालिकांबद्दलची पत्रं येतच आहेत आणि त्यांत तोच गोंधळ आहे. म्हणून आधी तारखा सांगते. पटकथालेखकांचा संप 2 मेला सुरू झाला आणि 148 दिवस चालला. ‘सॅग-आफ्ट्रा’ या कलाकारांच्या संघटनेचा संप 14 जुलैपासून 118 दिवस चालला. दोन्ही संप एकाच वेळी चालू असण्याची वेळ 1960 नंतर पहिल्यांदाच आली होती.

प्रश्न : ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा पाचवा सीझन यायला साडेतीन वर्षं लागली. सगळे म्हणतात संपामुळे. खरं आहे का? कलाकार आता शाळकरी वाटतही नाहीत. (दहावीतली विद्यार्थिनी, नाशिक)

अर्धंच खरं आहे. चौथा सीझन मे 2022मध्ये आला. लेखकांचा संप सुरू होताच निर्मात्यांनी पाचव्याचं चित्रीकरण पुढे ढकललं आणि ते जानेवारी 2024मध्ये सुरू झालं. पण पुढे 2024चं जवळजवळ सगळं वर्ष चित्रीकरणातच गेलं, मग दृश्यपरिणामांचं काम, आणि मालिका आली नोव्हेंबर 2025मध्ये. तेव्हा काही महिने संपाच्या नावावर टाक, साडेतीन वर्षं नको. कलाकारांबद्दल तू लिहितेस ते मात्र अगदी बरोबर. 2016मध्ये पहिला सीझन आला तेव्हा ती मुलं अकरा ते चौदा वर्षांची होती, शेवटच्या सीझनला विशीत पोचली. मोठ्यांच्या मालिकेत दोन वर्षं मेकअपखाली झाकता येतात, मुलांच्या मालिकेत नाही.

प्रश्न : ‘यूफोरिया’ संपामुळे बंदच पडली ना? (पुणे)

नाही. तिसऱ्या सीझनचं चित्रीकरण 2025च्या सुरुवातीला सुरू झालं. उशीर होणं आणि बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रश्न : पटकथा लिहून तयार असेल, तर लेखक संपावर गेले म्हणून शूटिंग का थांबावं? (नागपूर)

कारण पटकथा ‘तयार’ कधीच नसते. लोकेशन हातचं जातं, कलाकार आजारी पडतो, दोन मुलांमधला प्रसंग सेटवर जमत नाही. मग संवाद त्याच दिवशी बदलावे लागतात. संपात ते बदलायला कोणी नसतं.

लेखकांच्या आधीच्या संपात हे उघड दिसलं होतं. तो 5 नोव्हेंबर 2007ला सुरू झाला आणि शंभर दिवस चालला. ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ या शाळकरी फुटबॉल खेळाडूंच्या मालिकेचा दुसरा सीझन बावीस भागांचा ठरला होता, तो पंधरावर थांबला. काही कथानकं तशीच लोंबकळत राहिली आणि तिसरा सीझन त्यांना वळसा घालून पुढे निघून गेला. ‘गॉसिप गर्ल’चा पहिला सीझन अठरा भागांत आटोपला. तेव्हा मालिका शाळेच्या वर्षाबरोबर चालायच्या, सप्टेंबर ते मे. भर हिवाळ्यात संप झाला की वर्षाचा मधला तुकडाच गळून जायचा. आता स्ट्रीमिंगवर आठ-दहा भाग आधीच तयार असतात, म्हणून सीझन आखूड होत नाही, दोन सीझनमधलं अंतर वाढतं. ‘द समर आय टर्न्ड प्रिटी’चा दुसरा सीझन नेमका 14 जुलै 2023ला, कलाकार संपावर गेले त्याच दिवशी आला. संपात प्रसिद्धीचं कामही बंद असतं, त्यामुळे ज्या तरुण कलाकारांच्या मुलाखती सगळीकडे दिसायच्या, त्यांना स्वतःच्या मालिकेबद्दल बोलायची मुभा उरली नाही. तिसरा सीझन आला जुलै 2025मध्ये.

प्रश्न : सतरा वर्षांच्या भूमिकेत पंचविशीतले कलाकार का घेतात? (सांगली)

कॅलिफोर्नियात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवशी सहाच तास काम देता येतं, वर तीन तास अभ्यासाचे. प्रौढाला ही मर्यादा नाही.

प्रश्न : आपल्याकडे संपामुळे मालिका थांबल्यात का? माझ्या मुलाचे मालिकेतल्या कामाचे मेहनताने थकले आहेत. (डोंबिवली)

थांबल्यात. नोव्हेंबर 2008मध्ये मुंबईत सिने कर्मचाऱ्यांच्या महासंघाच्या आंदोलनामुळे हिंदी मालिकांचे नवे भाग बंद पडले आणि लोकांनी जुनेच भाग पुन्हा पाहिले. रोजच्या मालिकेत एपिसोडची बँक, म्हणजे आधी चित्रित करून ठेवलेले भाग, थोडेच असतात, म्हणून आपल्याकडे फटका आठवड्यात कळतो, तिकडे दोन वर्षांनी. मुलाचे मेहनताने थकले आहेत म्हणता, तर त्याच्या कामाच्या नोंदी आणि मेसेज जपून ठेवा आणि त्याच्या संघटनेकडे याच महिन्यात तक्रार द्या. थांबू नका.

प्रश्न : एका अभिनय कार्यशाळेत सांगितलं की संपानंतर परदेशी प्लॅटफॉर्मना तरुण चेहरे हवे आहेत. फी साठ हजार. भरू का? (छत्रपती संभाजीनगर)

भरू नका. संपानंतर काम वाढलं ही भूलथाप आहे. ‘एफएक्स’ वाहिनी अमेरिकेतल्या कथामालिकांची मोजणी करत असे. 2022मध्ये 599 होत्या, 2023मध्ये 516. काम देणारा माणूस आधी पैसे मागत नाही. भरलेच असतील तर पावती घेऊन ग्राहक प्रकरणं पाहणाऱ्या वकिलाला भेटा.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे. मुंबईतल्या एका वेब मालिकेसाठी तिची निवड झाली. करारात लिहिलंय की संप, टाळेबंदी किंवा अन्य अपरिहार्य कारणाने काम थांबल्यास मुदत तितकीच वाढेल आणि तोवर तिने दुसरीकडे काम करायचं नाही. को-ऑर्डिनेटर म्हणतात, हे सगळ्यांच्याच करारात असतं, सोमवारपर्यंत सही द्या. (कोल्हापूर)

ताई, सोमवारी सही करू नका.

ही ओळ सगळ्यांच्या करारात असते हे खरं, म्हणूनच ती कोणी वाचत नाही. चाळिशीतल्या नटाची मुदत वर्षभर वाढली तर त्याचं वर्षभराचं काम जातं. तुमच्या मुलीचं वर्षभरात सगळंच बदलतं, उंची, चेहरा, इयत्ता. दोन वर्षांपूर्वी एक वडील सही करून झाल्यावर माझ्याकडे आले. मालिका रखडली, मुलाचा आवाज फुटला, भूमिका दुसऱ्याला गेली. तरी दुसरीकडे काम न करण्याचं बंधन कागदावर चालूच होतं आणि त्यात हाती आलेला एक चित्रपट गेला. ते सहीच्या आदल्या दिवशी आले असते तर अर्ध्या तासाचं काम होतं. मला त्या मुलाचा चेहरा अजून आठवतो.

हॉलिवूडमध्ये हा लढा जुना आहे. ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीच्या करारात वॉर्नर ब्रदर्सने काम थांबलेले दिवस मिळवून मुदत वाढवली. ती न्यायालयात गेली आणि 1944मध्ये निकाल लागला की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं, त्यापुढे कलाकाराला बांधता येणार नाही. आपल्याकडे कलाकारांसाठी असा खास कायदा नाही. मुदत संपल्यावरच्या बंधनाविरुद्ध करार कायद्याचं कलम 27 आहे, पण मुदतीच्या आतल्या बंधनाकडे न्यायालयं वेगळ्या नजरेने पाहतात, आणि वाढवलेली मुदत ही ‘आतली’ असल्याचं निर्माता म्हणणारच.

शिवाय अल्पवयीन मुलीला करार करता येत नाही, सही तुमची असते. म्हणजे उद्या नोटीस आली तर तुमच्या नावावर येईल.

आता जे कोणीच सांगत नाही ते सांगते. बालकामगार कायद्याखालच्या 2017च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, ओळीने 27 दिवसांहून जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि किमान वीस टक्के मानधन राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत जातं. पण हे चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी. संपामुळे मुदत वाढली आणि तिची चौदा पूर्ण झाली, की हे तास तिला आपोआप लागू राहणार नाहीत. आणि साचलेलं काम उरकायची सेटवर सगळ्यात मोठी घाई असते ती नेमकी संप मिटल्यावर. म्हणून हेच तास आणि हीच मुदत ठेव, वय कितीही होवो, करारातच लिहून घ्या. वाढीव मुदतीला कमाल मर्यादा घाला, नव्वद दिवस म्हणा, आणि त्यानंतर बाहेर पडायचा हक्क तुमचा. थांबलेल्या काळात एकतर मानधनाचा काही भाग मिळावा, नाहीतर दुसरं काम करायची मुभा असावी. मसुदा कोल्हापुरातल्याच एखाद्या करार जाणणाऱ्या वकिलाला दाखवा, माझ्याकडेच यायला हवं असं नाही. सोमवारची घाई त्यांची आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने ऑगस्ट 2023मध्ये एका स्ट्रीमिंग कंपनीसाठी पैसे घेऊन मालिकेची रील्स केली. तो ‘सॅग-आफ्ट्रा’ संघटनेचा सदस्य नव्हता. आता त्याला अभिनयात जायचंय. दार बंद झालं का? रील्स काढून टाकू का? (न्यू जर्सी)

संपकाळात, ज्यांच्याविरुद्ध संप होता अशा कंपन्यांसाठी प्रचाराचं काम करणाऱ्या बिगरसदस्यांना पुढे सदस्यत्व मिळणार नाही, असं संघटनेने तेव्हा जाहीर केलं होतं. तुमच्या मुलाचं काम त्यात बसतं का, हे कंपनी, करार आणि मजकूर पाहिल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, ओळखीतले अनुभवी नटसुद्धा नाही. माझी वकिलीची सनद महाराष्ट्राची आहे. तिथल्या कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा आणि मग त्याच्यामार्फत संघटनेच्या सदस्यत्व विभागाला लेखी विचारा. रील्स आत्ता काढू नका. आधी वकिलाला दाखवा.