पर्यावरणपूरक मास्क लोक नेमके कशासाठी घेतात? बाजारात विकून पाहिलेलं सांगते

तुमचा प्रश्न असा आहे: "कापडी, धुऊन पुन्हा वापरता येणारे पर्यावरणपूरक मास्क घ्यायला ग्राहक कशामुळे तयार होतो? एमबीएच्या प्रकल्पासाठी हवं आहे. ग्रामीण भागातला अनुभव असल्यास सांगा."

अनुभव आहे. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावात आमचा दहा बायांचा बचत गट आहे, राज्य सरकारच्या 'उमेद' अभियानातला. कोरोनात, एप्रिल २०२० पासून दोन वर्षं आम्ही मास्क शिवले आणि आठवडी बाजारात जमिनीवर चादर अंथरून विकले. पर्यावरणासाठी म्हणून मास्क मागणारं गिऱ्हाईक त्या दोन वर्षांत बोटावर मोजण्याइतकंच भेटलं. पण मास्क विकले गेले, चांगले विकले गेले. मग लोकांनी ते कशासाठी घेतले?

तुम्हाला वाटत असेल की आमची स्पर्धा मेडिकलमधल्या निळ्या मास्कशी होती. तसं नव्हतं, आमची स्पर्धा दुपट्ट्याशी होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे गडीमाणूस दुपट्टा घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही आणि पोरी स्कूटीवर डोळे सोडून सगळं तोंड बांधतात. "बाई, गळ्यात हा दुपट्टा असताना मास्क काहून घेऊ?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. खरं पाहिलं तर दुपट्टाच जास्त पर्यावरणपूरक, कारण तो नव्यानं बनवावाच लागत नाही. सुरुवातीला कापडाची दुकानं बंद होती तेव्हा बायांनी ओटीत आलेले ब्लाऊज पीस पेटीतून काढून आणले आणि शिवून नेले. शिलाई दिली, मास्क विकत घेतला नाही. तुमच्या प्रकल्पात या लोकांना ग्राहक म्हणणार का, ते तुम्ही ठरवा.

दुपट्टेवाला मास्क घ्यायला आला तो दंडाच्या भीतीनं. बँकेच्या दारातला शिपाई दुपट्ट्याला मानत नव्हता. असं गिऱ्हाईक कापड बघत नाही, फक्त विचारते, "सगळ्यात सस्ता कोणता?" त्याला कुजणारं-न कुजणारं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

पैशाचं गणित मी आधी फार छान मांडत होते. राज्य सरकारनं ऑक्टोबर २०२० मध्ये मास्कचे भाव बांधून दिले, तीन पदरी चार रुपये आणि एन-९५ जास्तीत जास्त ४९ रुपये. आमचा वीसचा. मी सांगायची, रोज चार म्हणजे महिन्याचे एकशे वीस, आणि हा वीसचा धुऊन उन्हाळाभर चालतो. गणित बरोबर होतं, पण गिऱ्हाईक तसं वागत नव्हतं. एका म्हातारबुवांनी खिशातून चार रुपयांचा मास्क काढून दाखवला. पंधरा दिवस वापरलेला, दोनदा धुऊन तारेवर वाळवलेला, निळ्याचा पांढरा झालेला. "हा बी धुता येते ना माय!" तो धुतला की निकामी होतो हे मी सांगितलं, पण त्यांच्या हिशेबात माझा मास्क महागच राहिला. 'एकदा वापरून फेकायचे' हे पाकिटावर लिहिलेलं असतं, गावात कोणतीच वस्तू एकदा वापरून फेकत नाहीत.

खरी विक्री झाली ती श्वासामुळे. कापूस वेचताना, तुरीला थ्रेशर लावल्यावर किंवा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, पाळी (शिफ्ट) करताना तो निळा मास्क घामानं ओठांना चिकटतो आणि इलॅस्टिकनं कानामागं सोलते. आमच्या मास्कला नाडी होती, तीही नाइलाजानं, कारण लॉकडाऊनमध्ये इलॅस्टिक मिळतच नव्हतं. पुढे मिळायला लागलं तेव्हा आम्ही ते लावून बघितलं, तर जिनिंगमधल्या बायाच म्हणाल्या, नाडीवालाच दे. एकीनं घेतला की तिच्या पाळीतल्या सहा जणी यायच्या. तुमच्या पुस्तकात मानसशास्त्रज्ञ आइझेन यांचा १९९१ चा सिद्धांत असेल: माणसाचं मत, आजूबाजूच्यांचा दबाव आणि आपल्याला जमेल का हा अंदाज, यातून खरेदीचा इरादा बनतो. (माझी मुलगी एम.कॉम.ला आहे, तिच्याकडून ऐकलं.) माझ्या चादरीपुढे त्यातलं मत सगळ्यात हलकं होतं आणि शेजारीण सगळ्यात जड.

दुसरी गोष्ट भरवशाची. हा कापूस पिकवणारा भाग आहे, हिंगणघाटचा बनी कापूस इंग्रजांच्या काळात नावाजलेला होता. इथे नुसतं 'शंभर टक्के कॉटन' म्हणून भागत नाही. एका शेतकऱ्यानं माझ्यासमोर मास्कच्या कडेचा दोरा ओढला आणि काडी लावली. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख भुरभुरीत पडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. त्या दोऱ्याचा मणी झाला. माझी मान खाली गेली. कापड सुतीच होतं, पण शिवणाचा दोरा पॉलिस्टरचा होता, सगळ्या टेलरकडे तोच असतो. मग मी कापडाचा धागा काढून जाळून दाखवला तेव्हा त्यानं चार घेतले. त्या दिवसापासून चादरीवर काडीपेटी ठेवायला लागले. एवढी जाहिरात मला दुसऱ्या कशानंही जमली नसती.

आता पर्यावरणाकडे येते. आमच्या पाटीवर आधी 'पर्यावरणपूरक मास्क' असं लिहिलं होतं. लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि पुढे जायचे. मग शेजारच्या काकांनी सुचवलं, "हे शब्द काढ. उकिरड्यात कुजते म्हणून लिही." झालं, शेतकरी थांबायला लागले. शेणखतातून वावरात आलेलं प्लास्टिक डवऱ्याला (कोळपणीच्या अवजाराला) कसं गुंडाळते हे त्यांना कोणी शिकवायला नको. निळा मास्क ज्या पॉलिप्रॉपिलीनचा असतो त्याच जातीच्या प्लास्टिकचा सिमेंटचा कट्टा, म्हणजे पोतं, असतो, हे सांगितलं की माणूस मास्क हातात घेऊन पुन्हा चोळून बघायचा. पृथ्वी, समुद्र, कासव याबद्दल कोणी कधी विचारलं नाही, पण गाय काय खाईल आणि वावरात काय जाईल हे बहुतेक सगळ्यांनी विचारलं. वापरलेला मास्क लगेच उकिरड्यात टाकू नका, कागदाच्या पुडीत तीन दिवस ठेवा, हेही आम्ही सांगायचो, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची सूचनाच ७२ तासांची होती. किती जणांनी पाळली असेल, देव जाणे.

एका गिऱ्हाइकाला मात्र मी हात जोडून परत पाठवलं. फवारणीसाठी त्याला पाच मास्क हवे होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली, ते आम्ही विसरलो नाही. कापडी मास्क औषध शोषून घेतो आणि ओला होऊन नाकाशीच धरून ठेवतो. नैसर्गिक म्हणजे सुरक्षित, असं लोकांना वाटते आणि विकणारेही तसंच वाटू देतात. तुमच्या प्रकल्पात ही बाजू जरूर घ्या. आजारासाठीही कापडी मास्क एन-९५ च्या बरोबरीचा नव्हता, विचारलं की आम्ही तसं सांगायचो आणि विक्री थोडी बुडायची.

२०२२ च्या गुढीपाडव्याला मास्कची सक्ती उठली आणि दंडवालं गिऱ्हाईक एका दिवसात नाहीसं झालं. जिनिंगवाल्या बाया अजून घेतात, हंगामात महिन्याला चाळीस-पन्नास.

काडीवाल्या शेतकऱ्याची गोष्ट डोक्यात होती म्हणून मी एक मास्क पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या उकिरड्यात पुरला आणि दिवाळीच्या सुमारास खत उपसताना शोधला. कापड गेलेलं, नाडी गेलेली. फक्त पॉलिस्टरच्या शिवणीची चौकट जशीच्या तशी, चिमट्यात धरून उचलता येईल अशी. मग सुती दोऱ्याचं रीळ आणून बघितलं, तर मशीनवर दर दोन मास्कांमागं तुटायचं. दोन दिवसांनी पुन्हा पॉलिस्टरवर आलो. पाटी बदलली नाही, पण कोणी विचारलं तर दोऱ्याचं खरं सांगतो.

प्रश्नावलीत 'तुम्हाला पर्यावरणाची काळजी वाटते का' हे विचारू नका, सगळे हो म्हणतील. त्याऐवजी विचारा: तुमचा शेवटचा मास्क आता कुठे आहे?