ड्रीम ऑफ द रेड चेंबर: बाओयूचं दाइयूशी नातं काय, बाओचायशी काय, आणि घरच्यांनी बाओचायच का निवडली?

तुम्ही विचारलंय की ही चिनी कादंबरी इंग्लिशमधून वाचताय, त्यात जो तो कझिन आणि जी ती आंट, सगळा गुंता झालाय, दाइयू आणि बाओचाय या दोघी नायकाच्या, म्हणजे बाओयूच्या, नेमक्या कोण लागतात आणि शेवटी लग्न बाओचायशी का लावलं (म्हणजे शेवट तुम्हाला माहीत आहे, तर मी पण मोकळेपणाने लिहितो, बाकी कुणाला शेवट कळायला नको असेल त्यांनी इथेच थांबा).

लिन दाइयू त्याची आतेबहीण आणि शुए बाओचाय मावसबहीण. झालं उत्तर. पण खरं उत्तर कळायला बाओयूच्या जागी नाही तर त्याच्या आईच्या जागी उभं राहून बघावं लागतं, म्हणजे वांगबाईंच्या. त्यांच्या दृष्टीने दाइयू कोण? नणंदेची मुलगी. आणि बाओचाय? सख्ख्या बहिणीची मुलगी. आता सांगा, घरात सून आणायची वेळ आली तर आईचा कल कुठे जाणार.

माझं मत असं की या कादंबरीत पुरुषांची वंशावळ पाठ करण्यात वेळ घालवू नये, बायकांची माहेरं धरून वाचावं. वंशावळ अगदी थोडक्यात: दोन भाऊ होते, दोघांनाही सरदारकी मिळाली, शेजारी शेजारी दोन वाडे झाले, थोरल्याचा निंगग्वो आणि धाकट्याचा रोंगग्वो. आपली गोष्ट मुख्यतः रोंगग्वो वाड्यातली. तिथे सगळ्यात मोठी जिया आजी, तिला दोन मुलगे, थोरला जिया शे आणि धाकटा जिया झंग, आणि एक लाडकी मुलगी जिया मिन जी गोष्ट सुरू होतानाच वारते. जिया झंगची बायको वांगबाई, त्यांचा मुलगा बाओयू. जिया मिनची मुलगी दाइयू, आई गेल्यावर आजोळी आली, पुढे वडील पण गेले आणि मग आजोळ हेच घर झालं. एवढं आलं की पुढे जा.

आता माहेरं. आजी शी घराण्यातली, म्हणून ती बडबडी श्यांगयुन, जी मधूनमधून राहायला येते, ती आजीच्या माहेरची, भावाची नात. बाओयूची आई वांग घराण्यातली. तिची सख्खी बहीण शुए घराण्यात दिलेली, विधवा आहे, मुलाने एका माणसाला मारहाण करून त्याचा जीव घेतल्यावर मुलगा आणि मुलगी बाओचाय यांना घेऊन राजधानीत बहिणीकडे येते आणि मग जातच नाही. इंग्लिशमधे जी आंट शुए आहे तिला बिनधास्त शुए मावशी म्हणून वाचा, सगळे सीन एकदम ओळखीचे वाटायला लागतात. चौथ्या प्रकरणात एका न्यायाधीशाला त्याचा हाताखालचा माणूस जिया, शी, वांग, शुए या चार घराण्यांची यादी दाखवतो आणि सांगतो की हे सगळे एकमेकांचे सोयरे आहेत, एकाला हात लावलात तर चौघांशी गाठ पडेल. ती यादी म्हणजे खरं तर सुनांचीच यादी आहे, चार घरं जोडली गेलीत ती इकडून तिकडे दिलेल्या मुलींमुळेच.

आणि आता शीफंग, जी सगळं घर चालवते. ती पण वांग घराण्यातलीच, वांगबाईंच्या भावाची मुलगी, म्हणजे भाची. तिचं लग्न झालंय जिया लिएनशी, जो जिया शेचा मुलगा. म्हणजे वांगबाई तिची आत्या पण आणि चुलतसासू पण, आणि बाओयू तिचा आतेभाऊ पण आणि चुलतदीर पण. तिची खरी सासू म्हणजे जिया शेची दुसरी बायको शिंगबाई, पण शीफंग त्या सासूकडे न राहता आत्याकडे राहून आत्याचं घर चालवते, आणि शिंगबाईंचा सगळा जळफळाट इथून येतो. पुढे 74 व्या प्रकरणात बाओयू आणि मुली राहतात त्या बागेची रात्रीची झडती होते ना, ती सुरू होते कशावरून तर शिंगबाईंनी एक नको ती चित्रं भरलेली पिशवी वांगबाईंकडे पाठवून दिली म्हणून, म्हणजे बघा तुमच्या कारभारात काय चाललंय. धाकट्या जावेच्या भाचीने आपली सून असून आपल्याला विचारू नये हे तिला किती लागलं असेल याचा विचार करा. मला वाचताना शिंगबाई आवडत नाही पण तिची बाजू कळते.

तर हिशोब असा झाला की आई वांग, मावशी वांग, घर चालवणारी वहिनी वांग, आणि बाओचायची आई वांग असल्यामुळे बाओचाय या तिघींची जवळची. दाइयूच्या बाजूने कोण? आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, काका नाही. फक्त आजी. आजीचं प्रेम खरं आहे, तिसऱ्या प्रकरणात पहिल्या भेटीत ती दाइयूला पोटाशी धरून रडते आणि म्हणते की माझ्या सगळ्या मुलांत मला तुझी आई जास्त लाडकी होती. पण हे वाक्य सुनांसमोर बोललं जातंय हे लक्षात घ्या. वांगबाई तिथेच आहेत. त्या सासरी आल्या तेव्हा ही लाडकी नणंद घरात कशी वागत असेल, तिचे किती लाड होत असतील, याबद्दल वांगबाई स्वतः एकदा 74 व्या प्रकरणातच बोलतात, की दाइयूची आई लग्नाआधी किती लाडाकोडात, किती तोऱ्यात राहायची, खरी घरंदाज मुलगी कशी असते ते तिच्याकडे बघून कळायचं. वरवर कौतुक आहे. पण त्याच प्रकरणात थोडं पुढे त्यांना बाओयूची छिंगवन नावाची दासी खटकते तेव्हा त्या शीफंगला काय म्हणतात, तर ती जिचे डोळे-भुवया तुमच्या लिन ताईसारख्या आहेत तीच ना, आणि त्याच छिंगवनला पुढे आजारी असताना घराबाहेर काढतात. मी हे दोन्ही उतारे पाठोपाठ वाचले तेव्हा मला तरी शंका राहिली नाही की दाइयूला त्या सून म्हणून कधीच पत्करणार नव्हत्या.

अजून एक खूण 28 व्या प्रकरणात. बाओयूची सख्खी थोरली बहीण युआनछुन राजवाड्यात आहे, बादशहाची उपपत्नी, ती सणाला सगळ्यांना भेटी पाठवते. बाओयूला आणि बाओचायला सारख्याच भेटी, आणि दाइयूला मात्र घरातल्या बाकी मुलींना दिल्या तेवढ्याच. बाओयूला वाटतं काहीतरी चूक झाली. चूक नाहीये हो, युआनछुन वांगबाईंचीच मुलगी आहे.

इथे मराठी वाचकाला एक गोष्ट अडते, मला पण खूप अडली होती. आपल्याकडे मावसबहीण म्हणजे बहीणच, तिच्याशी लग्न हा विचारच कुणी करत नाही, आणि मामाची मुलगी बऱ्याच समाजांत चालते पण आत्याची मुलगी करून घेणं अनेक ठिकाणी नको म्हणतात. म्हणजे आपल्या हिशोबाने दोघीही बाद, आणि त्यातल्या त्यात बाओचाय जास्त बाद. तिथे मात्र बघतात ते आडनाव. जिया मुलाने जिया मुलगी करायची नाही, मग ती कितीही लांबची असो, पण दाइयू लिन आहे आणि बाओचाय शुए, त्यामुळे दोन्ही स्थळं चालतात. म्हणून बाओयूच्या चुलतबहिणी आसपास दिवसभर वावरतात पण लग्नाच्या गोष्टीत त्यांचं नाव निघत नाही. आणि गंमत म्हणजे 20 व्या प्रकरणात बाओयू स्वतः हाच नात्याचा मुद्दा काढून दाइयूची समजूत घालतो, की तू आत्याची मुलगी, ती मावशीची, नात्याने ती तुझ्यापेक्षा लांबची, आणि तू आधी आलीस, आपण एका ताटात जेवलो, तिच्यासाठी मी तुला कसा दूर करेन. बापाच्या बाजूचं नातं जवळचं हे तो मनापासून मानतो. त्या मुलाला कळतच नाही की निर्णय आईच्या बाजूचे लोक घेणार आहेत.

शीफंगबद्दल मात्र घाई करू नका. ती आधी दाइयूलाच चिडवत असते, 25 व्या प्रकरणात म्हणते आमच्या घरचा चहा प्यायलीस, आता आमची सून का होत नाहीस (चहा म्हणजे तिकडे सोयरिकीची खूण), आणि सगळे हसतात. पुढे 96 व्या प्रकरणात नवरी बदलायची युक्ती तीच सुचवते, बाओयूला सांगायचं दाइयूशी लग्न आहे आणि बुरख्याखाली बाओचाय. आणि आजी पण तोपर्यंत फिरलेली असते, दाइयू हट्टी आहे, तब्येतीने नाजूक आहे, जास्त जगेलसं वाटत नाही असं म्हणून. हे शेवटच्या 40 प्रकरणांत येतं, मूळ लेखक छाओ श्वेछिनच्या हाताची हस्तलिखितं साधारण 80 पर्यंतच धरतात, 120 ची छापील आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर 1791 मधे निघाली, आणि आजी अशी वागेल हे अनेक वाचकांना पटत नाही. मलाही आजीचं पटत नाही, वांगबाईंचं पूर्ण पटतं.

अजून दोन ठिकाणी लोक अडकतात म्हणून सांगून ठेवतो. एक, तिथे वयापेक्षा पिढी मोठी. जिया युन बाओयूपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा आहे पण पिढीने पुतण्या, आणि तो खुशाल बाओयूला वडील म्हणायला तयार होतो. पाचव्या प्रकरणात बाओयू पुतण्याच्या बायकोच्या, छिन खछिंगच्या, खोलीत झोपतो तेव्हा एक म्हातारी दाई हरकत घेते ती याचसाठी, की काकाने पुतण्याच्या खोलीत झोपायची ही कुठली रीत.

दुसरं म्हणजे उपपत्नीची मुलं. थानछुन आणि जिया ह्वान ही बाओयूची सावत्र भावंडं, त्यांना जन्म देणारी झाओ, पण कायद्याने आणि रीतीने त्यांची आई वांगबाई. झाओ स्वतःच्या मुलाला रागावते तर शीफंग तिलाच झापते की तो मालक आहे, तुझा काय संबंध. आणि 55 वं प्रकरण तर मी पुन्हा पुन्हा वाचलंय. थानछुनकडे घराचा कारभार आलेला असतो, झाओचा भाऊ वारतो, क्रियाकर्माला 20 टेल (तिकडचं वजनाचं माप) चांदी द्यायचा नियम, तेवढीच ती देते. झाओ रडत येते की अगं तुझा मामा गेला, दासीच्या आईला 40 दिले आणि इथे 20. आणि थानछुन रडत रडत म्हणते, कोण माझा मामा? माझा मामा तर नुकताच मोठ्या हुद्द्यावर चढलाय, हा दुसरा मामा कुठून आला? ती वांगबाईंच्या भावाबद्दल बोलतेय. जन्म देणाऱ्या आईसमोर. काही जण तिला निष्ठुर म्हणतात, पण त्या घरात तिला जर थोडी किंमत असेल तर ती वांगबाईंची मुलगी म्हणूनच, झाओची म्हणून शून्य, आणि हे त्या दोघींनाही माहीत आहे.

वांग माहेराचा शेवट पण बघून घ्या. शीफंग मेल्यावर तिच्या लहान मुलीला, छ्याओजिएला, दूरच्या एका राजाच्या घरी उपपत्नी म्हणून द्यायचा घाट घालणाऱ्यांत तिचा सख्खा मामा आहे, शीफंगचा भाऊ वांग रन. आणि तिला लपवून आपल्या खेड्यात नेते ती ल्यू आजी, जी सहाव्या प्रकरणात मदत मागायला आली होती. तिचं या घराशी नातं काय, तर तिच्या जावयाचं आडनाव वांग, आणि त्याच्या आजोबांनी कधीकाळी आडनाव एकच म्हणून शीफंगच्या आजोबांना काका मानलं होतं, बाकी रक्ताचं काही नाही.