‘उद्या भेटा जरा’ आणि रात्रभराची झोप

प्रश्न : मी जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. परवा संध्याकाळी साहेबांचा व्हॉट्सॲपवर एवढाच निरोप आला, ‘उद्या भेटा जरा.’ रात्रभर डोळ्याला डोळा नाही. चौकशी लागणार, नोटीस मिळणार, मुलीचं शिक्षण अडणार, इथपर्यंत पोचलो. सकाळी कळलं, त्यांना एका जुन्या पत्राचा जावक क्रमांक हवा होता. हे दर वेळी होतं. मुलगी म्हणते, सीबीटी करा. म्हणजे नेमकं काय करायचं? (सातारा)

निरोप तीन शब्दांचा होता आणि त्यातला एक ‘जरा’ होता. बाकीचा मजकूर तुम्ही भरलात, आणि झोप उडाली ती त्या भरलेल्या मजकुराने.

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस 1955च्या सुमाराला आणि फिलाडेल्फियाचे ॲरन बेक 1960च्या दशकात, आपापल्या वाटेने इथे पोचले. बेक तेव्हा मनोविश्लेषण करायचे. एक रुग्ण कोचावर पडून आपले अनुभव सांगताना अस्वस्थ होत होती. ती त्या आठवणींमुळे अस्वस्थ झाली असेल, असं त्यांना वाटलं. विचारल्यावर ती म्हणाली, मी तुम्हाला कंटाळा आणतेय असं मला सारखं वाटतंय. बोलण्याच्या खालून विचारांचा दुसराच ओघ वाहत होता आणि त्रास त्याचा होता. बेक यांनी त्यांना आपोआप येणारे विचार म्हटलं. तुमच्या निरोपाच्या खालूनही तसाच ओघ वाहिला.

एक दोनशे पानी वही घ्या. मनातल्या मनात करू नका. मनात विचार गोल फिरतो, कागदावर त्याला पूर्णविराम द्यावा लागतो. परवाची नोंद अशी झाली असती. प्रसंग : सायं. 7.10, साहेबांचा निरोप. विचार : ‘चौकशी लागली.’ किती पटतं : 90 टक्के. भीती : 85. बाजूने पुरावा : मागच्या टिपणीवर शेरा आला होता. विरुद्ध पुरावा : साहेब सगळ्यांनाच असं तुटक लिहितात, नोटीस द्यायची तर ती आस्थापना शाखेतून कागदावर येते, व्हॉट्सॲपवर नाही. आणखी काय असू शकतं : फाइल, माहिती, दौऱ्याची तयारी. आता किती पटतं : 40.

40 पुष्कळ झाले. शून्यावर आणायला जाऊ नका, तसं केलंत तर स्वतःला थापा मारायला लागाल.

यापुढचा भाग लोक हमखास गाळतात. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर, प्रत्यक्षात काय झालं ते लिहा. ‘जावक क्रमांक मागितला. चार मिनिटं.’ अशी दहा पानं झाली की एका बैठकीत वाचा. तुमच्या मनातला ज्योतिषी दहापैकी किती वेळा खरा ठरला ते दिसेल. बाहेरचा ज्योतिषी एवढा चुकला असता तर त्याला आपण पुन्हा दक्षिणा दिली नसती.

प्रश्न : मी रोज सकाळी आरशासमोर ‘मी यशस्वी आहे, मी आनंदी आहे’ असं अकरा वेळा म्हणते. हे सीबीटीच ना? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. सीबीटीत विचार गोड आहे की कडू हे पाहत नाहीत, तो वस्तुस्थितीला धरून आहे का हे पाहतात. ‘मी आनंदी आहे’ म्हणताना मन आतून ‘कुठे?’ म्हणत असेल तर अकरा वेळा म्हणून भांडण तेवढं वाढेल. बरं वाटत असेल तर जरूर म्हणा, पण त्याला उपचार समजू नका.

प्रश्न : वय 34. दीड वर्षापूर्वी फास्ट लोकलमध्ये अचानक धडधड, हात बधिर, श्वास अडकला. वाटलं, गेले मी. ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, टेन्शन घेऊ नका. आता मी फक्त स्लो लोकलने जाते, दाराजवळ उभी राहते, पाण्याची बाटली हातात आणि नवरा फोनवर. तरी आठवड्यातून दोनदा होतंच. मग माझी धडधड खोटी आहे का? (डोंबिवली)

धडधड शंभर टक्के खरी. चुकतोय तो तिचा अर्थ.

1986 साली ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी या झटक्याचं, म्हणजे पॅनिक ॲटॅकचं, चक्र मांडलं. गर्दी, उकाडा, रिकामं पोट, कशानेही छाती जराशी धडधडते. मन म्हणतं, हार्ट ॲटॅक. त्या भीतीने शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं, धडधड वाढते. वाढली म्हणजे नक्कीच ॲटॅक, असा पुरावा मिळतो. दोन-तीन फेऱ्यांत माणूस दिव्याला नाहीतर मुंब्र्याला उतरून बाकावर बसतो.

आता मला सांगा, दीड वर्षात आठवड्याला दोन झटके म्हणजे दीडशेच्या आसपास झाले. एकदाही तुमचा जीव गेला नाही. तरी मनाला पटलं का नाही? कारण दर वेळी श्रेय दुसऱ्यालाच गेलं. पाणी प्यायले म्हणून वाचले. दाराशी वारा होता म्हणून वाचले. हे फोनवर होते म्हणून वाचले. ‘काही होणारच नव्हतं’ हे कळायची संधी तुमच्या बाटलीने दीडशे वेळा हिरावून घेतली. आम्ही याला सुरक्षेचे उपाय म्हणतो, आणि झटके टिकवून धरायचं काम नेमके हेच उपाय करतात.

दवाखान्यात आम्ही एक साधा प्रयोग करतो. खुर्चीत बसून दोन मिनिटं मुद्दाम भराभर, खोल श्वास घ्यायचा. बहुतेकांच्या बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि पुष्कळ जण मध्येच थांबून म्हणतात, ‘अहो, हेच! गाडीत हेच होतं!’ वेगाने श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या. हृदय जागच्या जागी ठीक असतं. (दमा, फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.) ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य हजारदा ऐकून जे होत नाही ते या दोन मिनिटांत होतं.

त्यानंतर गाडी. दुपारी साडेअकराची, कमी गर्दीची, डोंबिवली ते ठाणे एवढीच फेरी. निघताना वहीत लिहा : ‘झटका येईल आणि मी बेशुद्ध पडेन, 80 टक्के.’ पहिल्या आठवड्यात बाटली पर्समध्ये, चेन लावून. दुसऱ्या आठवड्यात बाटली घरी. तिसऱ्यात नवऱ्याचा फोनही नाही. मग फास्ट, मग गर्दीची वेळ. धडधड सुरू झाली तरी मध्ये उतरायचं नाही, तिला वर चढू द्यायचं, ती आपणहून उतरते. परत आल्यावर लिहा : बेशुद्ध पडले का?

दारातली जागा मात्र पहिल्याच दिवशी सोडा. या सगळ्या प्रकरणात जिवाला खरा धोका होता तो तिथेच, आणि त्याची भीती तुम्हाला एकदाही वाटली नाही! भीतीचा हिशेब असा असतो.

प्रश्न : माझी पत्नी (वय 51) घराबाहेर पडताना गॅस सात-आठ वेळा बघते. रेग्युलेटर, नॉब, पुन्हा रेग्युलेटर. मोबाइलवर फोटो काढते. रिक्षात बसल्यावर मला विचारते, ‘बंद केला ना हो?’ मी हो म्हणतो. नाक्यावर पुन्हा तेच. विचार तपासायला सांगतो तर म्हणते, तपासूनच तर वेड लागायची पाळी आलीय. (कोल्हापूर)

वहिनींचं बरोबर आहे. सातारच्या वाचकांना सांगितलेली वही इथे चालणार नाही. ‘गॅस चालू असल्याचा पुरावा काय’ हे लिहीत बसणं म्हणजे नववी तपासणी. वर्णनावरून हा ओसीडी वाटतो, म्हणजे नको असलेला विचार आणि तो शमवायला पुन्हापुन्हा करावी लागणारी कृती यांचा आजार. निदान मानसोपचारतज्ज्ञांनी प्रत्यक्ष भेटून करायचं. गोळ्यांचाही यात चांगला उपयोग होतो, त्याला बिचकू नका.

एक प्रयोग तुम्हा दोघांना नक्की आवडेल. 2003 साली नेदरलँड्सचे संशोधक व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हापुन्हा चालू-बंद करून तपासायला लावली. आठवण चुकत नव्हती, पण जितकं तपासलं तितकी ती धूसर झाली आणि तिच्यावरचा विश्वास उडाला. म्हणजे निरोगी माणसालाही वीस वेळा नॉब बघायला लावलं तर तो म्हणणार, ‘बघितला खरा, पण नक्की आठवत नाही.’ वहिनी खात्री करायला बघतात आणि बघितल्यामुळेच खात्री जाते.

उपचार उलट्या दिशेने चालतो. बंद करायचा एकदा, हात काढायचा, बाहेर पडायचं, फोटो नाही, मागे फिरायचं नाही. अस्वस्थता येईल, तिला येऊ द्यायचं. 1966 साली लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी ही दिशा दाखवली, आजही ओसीडीच्या उपचाराचा कणा तोच आहे. आधी कमी भीतीची वस्तू, म्हणजे दिवाणखान्यातला पंखा, मग कुलूप, शेवटी गॅस.

आता तुमचं काम. रिक्षातलं तुमचं ‘हो’ ही सुद्धा तपासणीच आहे, फक्त तुमच्या तोंडून झालेली. ते बंद करायचं, पण एकाएकी नाही आणि चिडून तर अजिबात नाही. निवांत वेळी दोघांनी ठरवा की विचारलं तर उत्तर असं असेल : ‘हे तू नाही, तुझा आजार विचारतोय. त्याला उत्तर द्यायचं नाही असं आपलं ठरलंय ना?’ आणि लगेच दुसरा विषय. पहिले काही दिवस रिक्षातली शांतता जड जाईल. तुम्हालाही.

प्रश्न : वय 27. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी, चार प्रयत्न झाले. दोनदा मुख्य परीक्षेत राहिलो. आयुष्य वाया गेलं. गावी जायला तोंड नाही. सकाळी उठवत नाही, अभ्यासिकेत महिनाभर गेलो नाही. यातून सुटका व्हावी असं वाटतं, कुठलीही. माझा विचार चुकीचा नाहीच, खरा आहे. खऱ्या विचाराला सीबीटी काय करणार? (पुणे)

‘सुटका, कुठलीही’ असं तू लिहिलंस म्हणून आधी सरळ विचारते. जगणं संपवण्याचे विचार येतात का? येत असतील तर हे उत्तर बाजूला ठेव आणि आत्ताच 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर फोन कर. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. खोलीतल्या एका तरी मित्राला आज रात्रीच सांग.

आता तुझा मुद्दा. ‘चार प्रयत्नांत निवड झाली नाही’ हे खरं, त्यावर मी एक शब्द बोलणार नाही. जागा किती आणि फॉर्म किती हे तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. ‘आयुष्य वाया गेलं’ हा मात्र निकाल आहे, आणि तो तू महिनाभर पडून राहिलेल्या, धड न जेवलेल्या डोक्याने दिलास. तशा डोक्याशी मी वाद घालत नाही, आधी त्याला उठवते. 1996 साली अमेरिकेत नील जेकबसन यांच्या गटाने नैराश्याच्या रुग्णांत तुलना केली, तेव्हा फक्त दिवसभराच्या कृती वाढवण्याचा भाग हा संपूर्ण उपचाराच्या तोडीस तोड ठरला.

म्हणून उद्या अभ्यास नाही. सकाळी आठला मेसचा नाष्टा, तिथे बसून, डबा खोलीवर नाही. मग वीस मिनिटं चालणं. संध्याकाळी एका मित्राला फोन, परीक्षेचा विषय सोडून. प्रत्येकाच्या आधी लिही : किती बरं वाटेल, दहापैकी. झाल्यावर पुन्हा लिही. आधी 1 आणि नंतर 3 लागले तरी नोंद कर, कारण तुझं डोकं आत्ता सगळ्याला शून्य देतंय. इच्छा झाली की उठेन, असं ठरवू नकोस. आधी उठायचं, इच्छा मागून येते.

दोन-तीन आठवडे हे झालं की दुसरा प्रश्न हातात घे : आणखी एक प्रयत्न की नोकरी? तो तारखा, वय, पैसे घेऊन कागदावर सोडवायचा व्यवहाराचा प्रश्न आहे, आजाराचा नाही. पारावरच्या ‘लागला का रे?’ला काय उत्तर द्यायचं तेही आधी ठरवून, मोठ्याने म्हणून बघ. ‘नाही लागलो, आता अमुक करतोय’ एवढं पुरतं. पाचवा माणूस विचारेपर्यंत ते तोंडात बसलेलं असतं. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांना मात्र याच आठवड्यात भेट. महिनाभर उठवत नाही हे वहीवर सोडण्यासारखं नाही.

प्रश्न : आमच्या तालुक्यात सीबीटी करणारा कोणी नाही. शहरात गेलो तर खरा प्रशिक्षित कसा ओळखायचा? किती खेपा? (नंदुरबार जिल्हा)

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. त्यात संकोच नको, नळ दुरुस्त करणाऱ्यालाही आपण दोन प्रश्न विचारतोच. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून बसलेले पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात एलिस यांच्या पद्धतीची जुनी परंपराही आहे. कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला, इथे लोकांना शिकवलं, त्या वाटेने आलेले समुपदेशकही भेटतील.

साधारण बारा ते वीस भेटी, आठवड्याला एक, पाऊण ते एक तासाची. हल्ली व्हिडिओ कॉलवरही चालतं, खेपा वाचतात. दोन भेटींनंतर स्वतःला एक विचारा : घरी करायला काही दिलं का, आणि पुढच्या वेळी ते तपासलं का? नुसतंच ऐकून घेऊन मान डोलावत असतील तर मन हलकं होईल, पण ती सीबीटी नाही. पहिल्या भेटीला जाताना ‘मला फार विचार येतात’ एवढंच सांगू नका. गेल्या आठवड्यातला एकच प्रसंग, वार आणि वेळेसकट, चिठ्ठीवर लिहून न्या.